लातूरचा सौदा

प्रवासलेख म्हटला कीं वाचकांस देवालयें, लेणीं अथवा थंड हवेचीं ठिकाणें अपेक्षित असतात. आज आम्ही त्यांस धान्याच्या बाजारांत नेत आहों.

गेल्या दिवाळीनंतर नांदेडहून एस. टी.नें लातुरास जाण्याचा योग आला. पुतण्याची शेती अहमदपूर तालुक्यांत आहे. त्याचें सोयाबीन आदल्या रात्रींच टेंपोनें लातुरास पोंचलें होतें, आणि "काका, तुम्ही नुसते सोबत या," असा त्याचा आग्रह होता. वाटेंत लोह्यापुढें खंडोबाचें माळेगांव लागतें. तेथें मार्गशीर्षांत मोठी यात्रा भरते, व घोडा घेणारा प्रथम त्याचा जबडा उघडून दांत पाहतो. लातुरांत प्रकार उलटा. तेथें घेणाऱ्याचेच दांत कामास येतात.

लातूर हें निजामी राजवटीपासूनचें व्यापारी गांव. मध्यभागीं १९१७ सालीं बांधलेली दुमजली गंजगोलाई, तींत अंबाबाईचें देऊळ, आणि तिला येऊन मिळणारे १६ रस्ते. तूर व सोयाबीन यांचा सौदा मात्र बाजार समितीच्या आवारांत होतो.

सौद्यास कोण येतात? शेतकऱ्याचा माल मांडणारे अडते येतात. दालमिलांचे व तेलगिरण्यांचे खरेदीदार येतात. वही घेऊन कारकून, मापारी व हमाल येतात. आणि सर्वांच्या मागें, सांडलेले दाणे सुपांत गोळा करणाऱ्या बायाबापड्या. नवखा खरेदीदार ढिगावरचाच दाणा उचलतो आणि पुष्कळ बोलतो. मुरलेला बोलत नाहीं. तो कोपरापर्यंत हात ढिगांत घालून तळाची मूठ काढतो, तळहातावर पसरून फुंकर मारतो, वास घेतो आणि एक दाणा दाढेखालीं धरतो. कट्‌कन फुटला तर माल वाळलेला. दबला तर ओला. मग दाणा थुंकून पुढच्या ढिगाकडे वळतो. युरोपांत मद्याचे व्यापारीहि नमुना असाच तोंडांत घोळवून थुंकून टाकतात. गिळीत गेल्यास दहाव्या पेल्यापर्यंत पारख कोठून उरणार? पूर्वीं भाव रुमालाखालीं बोटें दाबून ठरे, आणि ज्याचा माल त्यालाच तो कळत नसे. आतां बोली उघड होते. तरी शेतकरी अजून खरेदीदाराच्या जबड्याकडेच पाहत उभा असतो.

पुतण्याच्या ढिगाशीं एक वृद्ध खरेदीदार थांबले. मूठ काढली, दाणा चावला आणि "ओलं आहे," एवढेंच म्हणाले. बोली घसरली. आम्हांस राग आला. "अहो, एका दाण्यावरून चाळीस पोत्यांची परीक्षा?" त्यांनीं शांतपणें ओलावा मोजण्याचें यंत्र मागविलें. त्याच मुठीचा ओलावा १४ टक्के निघाला. सरकारी हमीभावाच्या खरेदीस सामान्यतः मर्यादा १२ ची. पुतण्या खालीं मान घालून म्हणाला, "काका, ओढ्याकडची सहा पोती घाईनं काढली होती. तीच तळाला गेली." विकूं नको म्हणावें, तर परतीचें भाडें आणि हरभऱ्याचें बियाणें डोळ्यांपुढें होतें. चाळीसहि पोतीं ओल्याच्या भावानें गेलीं.

शितावरून भाताची परीक्षा, हा स्थालीपुलाकन्याय आम्हीं वर्गांत वर्षानुवर्षें शिकविला. परंतु भात एका पातेल्यांत, एका आंचेवर शिजतो. पोतीं निरनिराळ्या वावरांतून येतात. खरेदीदार लबाड नव्हते, त्यांच्या दाढेनेंहि त्यांस फसविलें नव्हतें. तरी चौतीस कोरड्या पोत्यांचें नुकसान झालेंच. तोंडी परीक्षेंत एकाच प्रश्नाच्या उत्तरावरून आम्हीं किती मुलांची किंमत ठरविली असेल, हा विचार परतीच्या वाटेवर लोह्यापर्यंत मनांतून गेला नाहीं.

पुढील वर्षीं ओलीं पोतीं निराळीं मांडावींत, असें पुतण्यास बजावलें आहे. त्या मुलांच्या बाबतींत आतां फार उशीर झाला.