सोवळ्यातली पेटी

आमच्या वाड्यात कोणी शिवू नये अशा वस्तू १९८७ साली दोनच उरल्या होत्या. एक आईचे सोवळ्याचे लुगडे, आणि दुसरी माजघरामागच्या अंधाऱ्या खोलीत टेबलावर बसविलेली आमची पत्र्याची पेटी. लुगड्यास कोणाचा हात लागला तर आई रागावे आणि ते पुन्हा पिळून वाळत पडे. पेटीच्या पोटात हात घालणाऱ्यावर रागावण्याची वेळच आली नसती, कारण तेथे दोन हजार व्होल्टांचा दाब नांदत होता.

ही पेटी म्हणजे आमचा बिनतारीचा अँप्लिफायर. हौशी बिनतारीचा परवाना आम्हांस मिळून काही वर्षे लोटली होती आणि घरी बांधलेल्या चाळीस वॅटांच्या यंत्रावरून आम्ही देशोदेशींच्या हौशी मंडळींशी बोलत असू. म्हणजे बोलू पाहत असू. १९८६ साल हे सूर्यावरील डागांच्या हिशेबी अगदी ओहोटीचे. सूर्य असा निजला म्हणजे आकाशातील ज्या विद्युन्मय थरावर आपटून आमच्या लहरी दूरदेशी उतरावयाच्या, तो थरच दुबळा होतो. समुद्रापलीकडच्या माणसास आम्ही हाका माराव्या आणि त्याने आमच्या पाठीमागच्या कोणाला तरी उत्तर द्यावे, असे महिनोन् महिने चालले. तेव्हा सूर्य जागा होत नाही तर आपणच आवाज चढवावा, असे आम्ही ठरविले. परवान्यात जेवढी शक्ती वापरण्याची मुभा होती तिच्या आत राहून चाळीसाचे दोनशे वॅट करावयाचे होते.

येथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. शक्ती पाचपट केली म्हणजे ऐकणाऱ्याच्या कानी आवाज पाचपट होत नाही. हिशेबाने ती वाढ सात डेसिबल भरते, आणि पलीकडच्या माणसाच्या यंत्रावरील काटा जेमतेम एक घर पुढे सरकतो. एका घरासाठी आम्ही वर्ष खर्ची घातले. परंतु जेथे हाक ऐकू येण्याच्या उंबरठ्यावरच विरत असते, तेथे ते एक घर म्हणजे सर्वस्व असते, हे सौ.स मात्र आम्हांला शेवटपर्यंत पटविता आले नाही.

मुंबईच्या चोरबाजारात आम्हांस '८१३' जातीचा व्हॉल्व्ह मिळाला. हा वीतभर उंचीचा काचेचा फुगा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात असंख्य प्रेषकयंत्रांत वापरला गेला. त्याची तार नुसती तापवावयास दहा व्होल्ट आणि पाच अँपिअर लागतात. म्हणजे काही काम सांगण्यापूर्वीच स्वारी पन्नास वॅट खाऊन बसते. ती पेटली की अंधाऱ्या खोलीत असा सोनेरी उजेड पडे की, घरातली मुले नुसती तो पाहावयास दाराशी गोळा होत. ट्रान्सफॉर्मर बुधवारातल्या एका कारागिराकडून गुंडाळून घेतला. तेलाने भरलेले आठ आठ मायक्रोफॅरडचे दोन कंडेन्सर जुन्या सामानात सापडले, आणि चेसिस दादांच्या जुन्या कपाटाच्या पत्र्यातून निघाले. दादांस हे पुढे कळले.

हे यंत्र चालते कसे, ते झोपाळ्यावरून सांगता येईल. तांब्याच्या नळीचे वेटोळे आणि फिरता कंडेन्सर मिळून जे मंडळ होते तो झोपाळा. आमच्या लहरीपुरता तो सेकंदास एक कोटी चाळीस लाख झोके घेतो. व्हॉल्व्ह हा झोका देणारा गडी. तो प्रत्येक झोक्यात अर्धा वेळच हात लावतो. उरलेला अर्धा झोका झोपाळा आपल्या वेगाने पुरा करतो. झोपाळ्याची लय आणि गड्याचे धक्के जुळले की प्लेटमधून वाहणारा प्रवाह एकदम खाली येतो; मीटरच्या काट्याने घेतलेली ती बुडी पाहणे हा या कामातला मोठा आनंद होय. लय चुकली तर गड्याची सारी मेहनत त्याच्याच अंगी मुरते, प्लेट लाल होऊ लागते आणि काही क्षणांत हात आखडला नाही तर व्हॉल्व्ह कायमचा निकामी होतो.

दोन हजार व्होल्टांशी व्यवहार करावयाचा तर काही आचार पाळावे लागतात. अंगठी काढून ठेवावी. जानव्यास किल्ली अडकविण्याची आमच्या घराण्याची जुनी खोड आम्हांस याच काळात सोडावी लागली. एक हात नेहमी खिशात ठेवावा, म्हणजे दोन्ही हातांमधून वीज छातीपार जात नाही, असे या विद्येतील वडीलधारे सांगतात. घरी नेसावयाच्या पंचास खिसा नसल्यामुळे आम्ही डावा हात पाठीशी धरीत असू. आणि शेवटचा, सर्वांहून मोठा आचार काठीचा. मुख्य बटण बंद केले तरी कंडेन्सरांत भरलेली वीज तेथेच राहते. सोळा मायक्रोफॅरड आणि दोन हजार व्होल्ट यांचा हिशेब बत्तीस ज्यूल होतो; सव्वातीन किलोचे वजन मीटरभर उंचीवरून पायावर पाडल्यासारखा; आणि तो घाव पायावर नव्हे, काळजावर. म्हणून कंडेन्सरांच्या दोन टोकांमध्ये एक रोधक कायमचा जोडून ठेवतात. त्यास ब्लीडर म्हणतात. बटण बंद होताच तो ती वीज सात-आठ सेकंदांत पिऊन टाकतो. तरीही त्याच्यावर न विसंबता, टोकाशी पितळी आकडा आणि त्या आकड्यास जमिनीशी जोडलेली जाड तार असलेली कोरडी काठी आत टेकवावी आणि मगच हात घालावा.

अशी सरळ, हलकी, कोरडी काठी घरात एकच होती. आईची सोवळ्याची. ज्या काठीने ती लुगडे न शिवता उंच दांडीवर वाळत घाली तीच आम्ही विचारल्यावाचून उचलली आणि तिच्या टोकास आकडा ठोकला. दुसऱ्या दिवशी आई शोधीत खोलीच्या दारात आली.

"माझी काठी तू नेलीस होय रे? आणि हे काय लावलेस तिला?"

आम्ही सगळा प्रकार समजावून दिला. ती ऐकून घेऊन म्हणाली, "म्हणजे तुझी पेटीही सोवळ्यातच म्हणावयाची. बरे, ठेव. पण आता नेमाने लाव हो."

पेटी तयार झाली आणि पहिल्याच दिवसापासून बिघडली. दाब चढविताच, आम्ही एक शब्दही बोललो नसता, प्लेटचा प्रवाह तीस मिलीअँपिअरवर स्वस्थ बसावयाचा तो दोनशेवर उसळी मारी. त्याच सुमारास दर रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'रामायण' लागत असे आणि सारा वाडा ओटीवर आमच्या संचासमोर हात जोडून बसे. एका रविवारी ऐन रंगात चित्रावर आडव्यातिडव्या रेघा उमटल्या. ओटीवरून जो हाहाकार उठला तो ऐकून आम्ही पेटी बंद केली. मागच्या बिऱ्हाडातल्या आजीबाई नंतर म्हणाल्या, "अहो, तुम्ही बोलता तेव्हा नाही, तुम्ही गप्प असता तेव्हाच हे होते." आम्ही मनात हसलो. यंत्र नुसते उभे असताना लहरी कोठून येणार? मग आम्ही नवा व्हॉल्व्ह आणून बसविला. ट्रान्सफॉर्मर खोलून पुन्हा बांधून घेतला. तीन आठवडे आणि त्या वेळच्या आमच्या अर्ध्या पगाराएवढे पैसे गेल्यावर लक्षात आले की, आजीबाईंनी सांगितले तेच निदान होते.

झाले होते असे. आम्ही टांगलेल्या मोठ्या झोपाळ्याच्या कड्यांतच एक लहान पाळणा कोणी न टांगता टांगला गेला होता, आणि कोणी न हलविता तो हलत होता. व्हॉल्व्हच्या टोपीपासून फिरत्या कंडेन्सरपर्यंत आम्ही लांबलचक तार नेली होती. ग्रिड जमिनीस जोडणारी तारही वळसे घेत गेली होती. आमच्या लहरीस असल्या तारा म्हणजे नुसत्या तारा. पण अतिशय जलद आंदोलनांच्या राज्यात त्या वेटोळे होऊन बसतात आणि व्हॉल्व्ह आपल्याच जोराने दूरदर्शनच्या लहरींच्या शेजारी गाऊ लागतो. कोरड्या काडीला बांधलेला निऑनचा दिवा जवळ नेताच तो काही न देता पेटला, तेव्हा संशय फिटला. उपाय चार आण्यांचा. ग्रिड रुंद तांब्याच्या पट्टीने तेथल्या तेथे चेसिसला जोडावयाची, आणि टोपीपाशीच एका लहान रोधकावर चार वेढ्यांचे वेटोळे गुंडाळून मध्ये घालावयाचे. हा रोधक कार्बनचा हवा. तारेचा गुंडाळलेला घातला तर तोच आणखी एक वेटोळे होतो.

हे वेटोळे बसवावयाचे त्या दिवशीची गोष्ट सांगण्यासाठीच हा लेख लिहावयास घेतला. इतका वेळ यंत्राविषयी बोलत राहिलो, त्यावरून ती सांगणे आम्हांस किती जड जाते आहे हे वाचकांनी ओळखले असेल.

दादांचा माधव तेव्हा सतरा वर्षांचा. तो आमचा उजवा हात होता. त्याची बोटे बारीक, म्हणून टोपीजवळचे काम त्यानेच करावयाचे ठरले. आम्ही बटण बंद केले, मनात दहा अंक मोजले आणि झाकण काढले. काठी खुंटीवर होती. सकाळपासून दहा-बारा वेळा उघडझाक झाली होती आणि दर वेळी काठी टेकविता आकडा मुका राहिला होता. माधवने विचारले, "काका, घालू का हात?" आम्ही म्हणालो, "घाल. ब्लीडरने केव्हाच काम उरकले असेल."

आई त्याच वेळी ओलेत्याने देवघराकडे चालली होती. दारातून न थांबता तिने विचारले, "काठी लावलीस का रे?"

आम्हांस राग आला. शिकलेल्या मुलास आईने यंत्रातले शिकवावे, याचा तो राग होता. माधवला मागे सारून, केवळ तिला दाखविण्याकरिता, आम्ही काठी उचलून आकडा कंडेन्सरच्या टोकास लावला.

बंदूक सुटावी तसा आवाज झाला. निळा-पांढरा डोळा दिपविणारा लोळ उठला आणि खोलीत जळक्या पितळेचा वास कोंदला. माधवचा हात वर उचललेला तसाच होता. किती वेळ कोणी बोलले नाही.

ब्लीडर बाहेरून अभंग दिसत होता. वरचे हिरवे लुकण कोठे तडकलेले नव्हते. मीटर लावला तेव्हा आतली बारीक तार तुटल्याचे कळले. तो चाळीस वॅट उष्णता सतत टाकीत असे आणि आम्ही जागा वाचविण्याकरिता त्यास कंडेन्सरांच्या मागे, वारा न लागेल असा कोंबला होता. म्हणजे तोही दोष आमचाच. पुढे आम्ही दोनशे किलोओहमचे दोन रोधक मोकळ्या हवेत शेजारी शेजारी जोडले, म्हणजे एक गेला तरी दुसरा उरावा. आणि कंडेन्सरांतला दाब दाखविणारा मीटर दर्शनी बसविला. हा मीटर पहिल्यापासून का नव्हता, याचे उत्तर आमच्यापाशी नाही.

आईने दाराशी परत येऊन काठीचे काळे पडलेले टोक पाहिले, माधवकडे पाहिले आणि ती स्नानास पुन्हा निघून गेली. त्या विषयावर ती मरेपर्यंत एक शब्द बोलली नाही. स्वयंपाकघरातून वहिनींनी विचारले, "भावोजी, काय हो फुटले?" आम्ही म्हणालो, "काही नाही वहिनी, बल्ब."

पेटी त्यानंतर बिनतक्रार चालली. पण १९८९ साली सूर्य असा पेटून उठला की नुसत्या चाळीस वॅटांवर सातासमुद्रापलीकडून उत्तरे येऊ लागली आणि पेटीचे काम फारसे पडलेच नाही. माधव आता साठीकडे झुकला आहे. त्याने अलीकडे ट्रान्झिस्टरांचा अँप्लिफायर बांधला. पन्नास व्होल्टांवर तो आमच्या पेटीच्या कितीतरी पट शक्ती देतो आणि त्यास काठी लागत नाही. तरी गेल्या दिवाळीत तो आला तेव्हा खुंटीवरची काठी त्याने मागून नेली.

दादा गेले. वहिनींना नजर अजून चांगली आहे, आणि हा अंक त्या पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात. वहिनी, त्या दिवशी फुटला तो बल्ब नव्हता.