मृत्यूच्या रेल्वेमार्गावर : कांचनबुरी

सोमवार
थोनबुरीहून सकाळी सुटलेली तिसऱ्या वर्गाची गाडी क्वाई नदीच्या पुलावर येते, तेव्हा अख्खा डबा मोबाइल काढून खिडक्यांना लागतो. पुलाच्या लोखंडी कमानी जपान्यांनी जावाहून आणलेल्या. मधले दोन सरळ गाळे बॉम्बहल्ल्यांनंतर नव्याने बसवलेले.

ब्रह्मदेशातल्या फौजेला समुद्रमार्गे रसद पोचवणं धोक्याचं झालं, म्हणून जपानने 1942 मध्ये बान पोंग ते थानब्युझायात हा 415 किलोमीटरचा मार्ग काढायला घेतला. 17 ऑक्टोबर 1943 ला दोन्ही टोकं जोडली गेली. राबवलेल्या 60 हजारांहून अधिक युद्धकैद्यांपैकी 12 हजारांवर कैदी कॉलरा, आमांश, उपासमार आणि मारहाणीने गेले.

मंगळवार
नाम तोकच्या पुढे गाडी जात नाही. तिथून मोटारीने हेलफायर पासला पोचायचं.

खडकात उभी कापलेली ही खिंड. एकाने पहार धरून फिरवायची, दुसऱ्याने घण घालायचा. भोकात सुरुंग, मग हाताने दगड उपसायचे. रात्रपाळीत मशाली आणि शेकोट्यांच्या उजेडात हाडकुळी माणसं दिसत, त्यावरून हे नरकाचं नाव पडलं. एके ठिकाणी तुटलेल्या पहारीचं टोक अजून खडकात रुतलेलं आहे. बोट लावलं की गंज लागतो.

बुधवार
कांचनबुरीच्या युद्धस्मशानभूमीत जवळपास 7 हजार थडगी आहेत. नाव, पलटण, मृत्यूची तारीख, वय. बावीस, चोवीस, एकवीस... वाचत गेलं की पाय जड होतात. कैद्यांमधल्या अधिकाऱ्यांनी आणि डॉक्टरांनी जिवावर उदार होऊन मृतांच्या नोंदी लपवून ठेवल्या, म्हणून युद्धानंतर जंगलातल्या कबरी शोधता आल्या.

आशियाई मजुरांच्या अशा नोंदी कुणी ठेवल्या? मलायाच्या रबरमळ्यांतले तमिळ, ब्रह्मी, जावानीज, मलय... काहींना पगाराचं आमिष दाखवून आणलं, काहींना जबरीने. त्यांच्यात ना अधिकारी, ना डॉक्टर. त्यांचे मृत्यू 90 हजारांच्या आसपास असावेत, असा अंदाज आहे; म्हणजे कैद्यांच्या कितीतरी पट. 1990 साली कांचनबुरीतच खोदकामात शेकडो सांगाडे निघाले, तेही याच मजुरांचे मानले जातात. तरीही बहुतेक सहली पूल आणि ही स्मशानभूमी पाहून परततात. हा अन्याय आजही चालू आहे.

गावातल्या वाट थावोर्न मंदिरात या मजुरांचे अवशेष ठेवलेलं स्मारक आहे. कांचनबुरीला जाणाऱ्या वाचकांनी तिथे जरूर जावं, आणि सहल नेणाऱ्यांनाही ते दाखवायला सांगावं.