शेवटच्या नळाला

८ जून
मृग लागला, पाऊस नाही. ग्रामपंचायतीच्या खोलीत टीसीएलचं, म्हणजे ब्लीचिंग पावडरचं, पोतं उघडंच पडलेलं, तोंडाला सुतळीसुद्धा नाही. वर पत्रा, बाहेर भाजणारं ऊन. या पावडरीत नवी असताना ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतं. उष्णता, ओल नि हवा लागली की ते उडत जातं आणि मागं चुना राहतो. जलसुरक्षक पोराला हिशेब मांडून दाखवला. टाकी ५० हजार लिटरची. हजार लिटरला ५ ग्रॅम धरले तर २५० ग्रॅम पावडर, त्यातून पाण्यात जातं सुमारे ८२ ग्रॅम क्लोरीन. पावडर २० टक्क्यांवर उतरली असेल तर तेवढ्याच मापातून ५० ग्रॅम. रजिस्टरात मात्र दोन्ही वेळी ‘२५० ग्रॅम’.
“मग गुरुजी, माप वाढवू का?”
आधी पोत्याचं तोंड बांध म्हटलं.

१२ जून
रात्री पावसानं झोडपलं. दुधना नदीच्या अंगाची आमची विहीर सकाळी चहाच्या रंगाची. अशा दिवशी नेहमीचं माप पुरत नाही. पाण्यातला गाळ, पालापाचोळा, शेणाचा अंश हे सगळं क्लोरीन आधी संपवतं. जंतूंसाठी उरेल ते खरं. म्हणून किती टाकलं याला अर्थ नाही, अर्ध्या तासानं किती उरलं ते बघायचं. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळं क्लोरीन मागतं.

उरलेलं क्लोरीन तपासायला ओटीचे, म्हणजे ऑर्थोटोलिडीनचे, थेंब टाकले. पोरगा नळी हातात धरून वाट बघत बसला, पिवळा रंग गडद होईल म्हणून. मोकळं क्लोरीन लगेच रंग देतं. मागाहून चढतो तो अमोनियाशी बांधल्या गेलेल्या क्लोरीनचा, आणि त्याची जंतू मारायची ताकद फार कमी. उशिरा वाचलं की नापास पाणीही पास दिसतं.

तिकडं हापशापाशी बाया म्हणायल्यात, “पाण्याला लई वास यायलाय, औषध कमी करा.” तो उग्र वास पुष्कळदा या बांधलेल्या क्लोरीनचाच असतो. म्हणजे औषध कमी पडलं तरी वास येतो. हे हापशापाशी पटवणं दहावीला मोल शिकवण्याहून अवघड. वास आला की माप कमी करायचं, ही गावोगावची रीत आहे आणि ती धोक्याची आहे.

१५ जून
भाच्याच्या शेतातल्या बंगल्यावर. त्यानं पोहायचा हौद बांधलाय, मिठाच्या मशिनचा. “मामा, यात क्लोरीन नाहीच, नुसतं मीठ,” असं त्याला विकणाऱ्यानं सांगितलेलं. क्लोरीन नाही कसं? लिटरला तीन-साडेतीन ग्रॅम मीठ, समुद्राच्या दहाव्या हिश्श्याइतकं. ते पाणी मशिनमधल्या पत्र्यांमधून जाताना विजेनं मिठातलं क्लोरीन सुटं होतं. काम करून ते पुन्हा मीठ होतं, म्हणून मीठ सहसा संपत नाही. टीसीएलचा कारखाना घरी आणून बसवलाय, इतकंच.

पण हौदात हिरवट झाक. मशिन पूर्ण जोरात चालू, तरी. पीएच बघितला, ८.२. इथंच गोम आहे. क्लोरीनचं पाण्यात हायपोक्लोरस आम्ल होतं, तेच जंतू आणि शेवाळ मारतं. साडेसात पीएचला ते निम्मं असतं, आठला जेमतेम पाव, साडेआठला दहावा हिस्साही नाही. मशिनमधून निघणारे हायड्रोजनचे बुडबुडे पाण्यातला कार्बन डायऑक्साइड हाकलतात, त्यामुळे अशा हौदाचा पीएच आपोआप चढतो. त्यात भरणा आमच्या बोअरच्या जड पाण्याचा. उन्हात पाणी उडतं, क्षार मागं राहतात, वरून पुन्हा टँकर. मशिनच्या पत्र्यांवर पांढरा थर धरला होता. थोडं थोडं हायड्रोक्लोरिक ॲसिड देऊन पीएच ७.४ च्या आसपास आणायला सांगितलं. ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडात कधीच नाही. उघड्या हौदातलं क्लोरीन ऊन काही तासांत खातं, त्यासाठी सायन्युरिक ॲसिडही लागतं.

फिल्टर धुतल्याचं पाणी तो मोसंबीच्या बागेत सोडणार होता. तेवढं मात्र दटावून थांबवलं. मोसंबीला खारं पाणी सोसत नाही. हौदाची हौस झाडांना भोवली असती. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात वस्त्यांना टँकर लागतात तिथं हा हौद शोभतो का, हे जेवताना विचारलं. भाच्यानं विषय बदलला.

१९ जून
पंढरीची दिंडी मुक्कामी. पाण्याचे टँकर आले, प्रत्येकाची ओटी बघितली. एकात रंगच आला नाही. चालक म्हणाला, भरतानाच औषध टाकलंय. असेल. तरी पुन्हा टाकून अर्धा तास थांबवला, मगच तोटी उघडली. वारकरी थांबले, कुरकुर केली नाही.

२३ जून
प्रयोगशाळेसाठी पाण्याचे नमुने घेतले. पोरगा सवयीनं टाकीखालच्या नळाकडे निघाला. तिथलं पाणी नेहमी चांगलंच येणार. त्याला खालच्या वस्तीवर नेलं, जिथं जलवाहिनी नालीतून जाते. टाकीपाशी झटकन पिवळा रंग, वस्तीवर काहीच नाही. मधे कुठंतरी गळती आहे. नळ बंद झाले की तिथून नालीचं पाणी आत येत असणार. सरपंचबाईंना सांगितलं, त्या स्वतः बघायला आल्या. उद्या खोदाई.

नमुन्याची बाटली निर्जंतुक हवी, आणि आत सोडियम थायोसल्फेट हवं, नाहीतर वाटेतच क्लोरीन जंतू मारत राहतं आणि अहवाल खोटा चांगला येतो.

२५ जून
जोड बदलला. वस्तीवर ०.२ आलं, तेही सकाळच्या पहिल्या धारेला. दुपारचं अजून बघायचंय. तुमच्या गावात कुणी ओटी करत असेल तर त्याला तुमच्या गल्लीतल्या शेवटच्या घरी न्या आणि रंग स्वतः बघा.