पावणेदोन तासांची मिरज

आगगाडीच्या हिशेबाने कोल्हापूर हे टोकाचे गाव. १८९१ साली मिरजेहून रूळ आले ते इथेच थांबले, ते आजतागायत. त्यामुळे गाडी बदलणे ही विद्या आम्हा कोल्हापूरकरांना कोणी शिकवावी लागत नाही. १९७१ साली पुण्याकडून ब्रॉडगेज आली, पण मिरजेहून बेळगावकडे जाणारी मीटरगेज आणि पंढरपूरकडची नॅरोगेज पुढे बरीच वर्षे तशीच राहिली. तीन रुंदींचे रूळ एकाच स्टेशनात! बेळगावला मावशीकडे निघालो की मिरजेला उतरायचे, आईने ट्रंकेवर ठाण मांडायचे, वडिलांनी गाडी कुठे लागली आहे ते पाहून यायचे आणि आम्ही पोरांनी फिरकीच्या तांब्यावर नजर ठेवायची, अशी कामे वाटून दिलेली असत. मागची गाडी उशिरा आली, तर पुढची पुष्कळदा तिच्यासाठी थांबून राही. वेळ होती, माणुसकी होती.

विमान थांबत नाही, हा या दोन प्रवासांतला खरा फरक.

आमची लेक बोस्टनला असते. तिचे दिवस भरत आले तेव्हा आम्ही दोघांनी जायचे ठरले. दोघांचाही तो पहिलाच परदेशप्रवास, त्यातून सौभाग्यवतींचा उजवा गुडघा रुसलेला. जावईबापूंचा फोन आला, "बाबा, युरोपपर्यंत एका कंपनीचं आणि तिथून पुढं दुसऱ्या कंपनीचं, अशी दोन वेगळी तिकिटं काढली तर चाळीस हजार वाचतात." मुलगा हिशेबी आहे, आणि हिशेबी जावई मिळणे हे सासऱ्याचे भाग्यच. मी विचारात पडलो. चाळीस हजार ही मास्तरकी करून निवृत्त झालेल्या माणसाला लहान रक्कम नाही.

फोन सौभाग्यवतींनी हातात घेतला. "पहिलं विमान उशिरा पोचलं तर दुसरी कंपनी आम्हाला ओळखील का?" असा एकच प्रश्न त्यांनी विचारला. पलीकडे शांतता पसरली. "मग नको. लेकीच्या बाळंतपणाला निघालेय मी, तिथं काटकसर नको."

प्रश्न मर्मावरचा होता. एकाच तिकिटावर दोन विमाने असली आणि पहिल्याच्या उशिरामुळे दुसरे चुकले, तर पुढच्या विमानात बसवून देणे ही कंपनीची जबाबदारी. तिकिटे वेगवेगळी असली की दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत. तिकीट बुडाले, आणि परतीचेही त्यातच असेल तर बहुधा तेही गेले. शिवाय सामान मध्येच उतरवून घ्यायचे, म्हणजे त्या देशात शिरायचे, म्हणजे त्याचा व्हिसा हवा. नुसते विमान बदलायलाही कुठे व्हिसा लागतो, कुठे नाही. हे नियम देशागणिक निराळे आणि बदलतेही, तेव्हा पैसे भरण्याआधीच पाहिलेले बरे.

एकच तिकीट निघाले, मध्ये पावणेदोन तास. प्रत्येक विमानतळाने विमान बदलायला कमीत कमी किती वेळ लागतो ते ठरवून दिलेले असते आणि त्याहून कमी वेळाचे जोडतिकीट कंपनी सहसा विकत नाही. परंतु हा "कमीत कमी" वेळ चांगल्या पायांच्या, वाटा ठाऊक असलेल्या आणि वेळेवर उतरलेल्या माणसाचा असतो. आमच्यापाशी या तिन्हींपैकी एकही नव्हते.

मुंबईला आम्ही आदल्या दिवशीच महालक्ष्मी एक्सप्रेसने जाऊन पोचलो. मुंबईच्या विमानतळावर सामान देताना सौभाग्यवतींनी चष्मा लावून पेटीवरची चिठ्ठी वाचली. या चिठ्ठीवर शेवटच्या मुक्कामाची तीन अक्षरे असतात. मुंबईची बी-ओ-एम, बोस्टनची बी-ओ-एस. एका अक्षराचा फेर! "शेवटी एसच आहे ना हो?" असे त्यांनी खिडकीतल्या मुलीला दोनदा विचारले. त्या पेटीत दोन किलो डिंकाचे लाडू होते.

विमान मुंबईहूनच तासभर उशिरा निघाले. वाटेत पंधरा मिनिटे भरून काढली, तरी आमच्या पावणेदोन तासांतला पाऊण तास हवेतच विरला. उरला एक तास. त्यातून दार बंद होण्याची २० मिनिटे वजा करा, कारण विमान सुटायची वेळ आणि दार बंद व्हायची वेळ एक नव्हे. उरली ४०. सौभाग्यवतींनी उतरण्यापूर्वीच हवाईसुंदरीला बोलावून पुढचे तिकीट दाखवले. मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, "डॉटर. बेबी. टुडे, टुमारो." ती मुलगी हसली आणि तिने आम्हाला पुढच्या रिकाम्या जागांवर आणून बसवले. आम्ही सर्वांआधी उतरलो.

चाकाच्या खुर्चीची मागणी तिकिटाबरोबरच नोंदवली होती. दारातच एक उंचापुरा माणूस खुर्ची घेऊन उभा! (आपल्याकडे ही खुर्ची मागायला लोक लाजतात. गुडघा दुखतो त्याने लाजू नये.) त्या विमानतळाचे नाव सांगून काय करायचे? युरोपात आहे आणि अफाट आहे. पासपोर्टची खिडकी लागली नाही, पण हातातल्या पिशव्यांची पुन्हा झडती झाली. मुंबईला झाली ती इथे जमेस धरत नाहीत. आमच्या पुढच्या बाईंच्या पिशवीतून लोणच्याची बरणी निघाली. झडतीवाल्यांच्या लेखी लोणचे हे द्रव, आणि १०० मिलिलिटरच्या पुढचा द्रव बाद. बरणी टोपलीत गेली. सौभाग्यवती हळहळल्या. मला मात्र घड्याळाखेरीज काही दिसत नव्हते. तो माणूस खुर्ची ढकलीत पुढे, मी दोन पिशव्या घेऊन मागे. दारापाशी पोचलो तेव्हा शेवटची दहाबारा माणसे आत शिरत होती.

तेच विमान चुकले असते तर पुढचे दुसऱ्या दिवशी होते.

बोस्टनला पेटी आली नाही. आम्ही धावलो, पेटीला कोण धावणार? तिथल्या तिथे, बाहेर पडण्याआधी, कंपनीच्या खिडकीवर लेखी नोंद करून क्रमांक घेतला. बाहेर पडलात की तुमचे म्हणणे लंगडे पडते. सामान मोडूनतोडून आले तर ७ दिवसांत, उशिरा आले तर हाती पडल्यापासून २१ दिवसांत लेखी तक्रार करावी लागते. औषधे आणि एकेक जोड कपडे हातातल्या पिशवीत होते, म्हणून अडले नाही. आमचा मुक्काम बोस्टनलाच, हेही बरे झाले. अमेरिकेत विमान पहिल्यांदा जिथे टेकते तिथेच पासपोर्ट, सामान आणि जकात उरकून पेट्या पुन्हा द्याव्या लागतात. तिथून पुढे विमान असले तर तीन तासही थोडे पडतात.

मुंबईलाही परत येताना हेच. कोल्हापूरचे विमान धरायचे असले तरी पेट्या मुंबईत घेऊन, जकातीतून काढून पुन्हा द्यायच्या. त्यात ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्‌घाटन झाले. आता तिकिटावरची मुंबई म्हणजे कोणती मुंबई, हेही नीट वाचावे लागेल. उजळाईवाडीला मात्र तशी भीती नाही, तिथे एकच दार.

लेकीला त्याच रात्री दवाखान्यात नेले. पहाटे चारला नात झाली. सौभाग्यवती आत होत्या, मी आणि जावईबापू बाहेर. त्यांनी चाळीस हजारांचा विषय काढला नाही, मीही नाही.

पेटी तिसऱ्या दिवशी दारात आली. लाडवांचा थोडा भुगा झाला होता. तो आम्हा दोघा पुरुषांच्या वाट्याला आला, अख्खे लेकीसाठी राहिले.