मापून दाखव

जुन्या ३५० बुलेटचा कार्बोरेटर बदलला की गाडी कधीकधी मिसिंग मारते. चढावर दम सोडते, सायलेन्सरमधून फटाके फोडते. बघणारा लगेच बोलतो, टायमिंग हललं.

कसं हलंल? टायमिंग पॉइंटच्या कॅमवर. कार्बोरेटरचे नट खोलून कॅम फिरत नाही.

पॅकिंग नीट बसलं नसेल तर सांध्यातून हवा आत जाते. हवा जास्त, पेट्रोल कमी. जेट लहान पडला तरी तेच. इंजिन तापतं, प्लग पांढरा पडतो. चालू इंजिनच्या सांध्यावर थोडं साबणाचं पाणी सोडा. आवाज बदलला तर चोर तिथंच आहे.

तरी शंका असेल तर टायमिंगही बघा, पण कानानं नाही. आधी पॉइंटचा गॅप, फीलर गेजनं पंधरा थाऊ, म्हणजे ०.३८ मिलिमीटर. गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतो, ठिणगी पुढं जाते. म्हणून गॅप आधी, टायमिंग नंतर. पिस्टन कॉम्प्रेशनच्या फेरीत वर आणा, टोकाच्या ०.८ मिलिमीटर अलीकडं थांबवा. पॉइंटमध्ये सिगरेटचा पातळ कागद धरा. तिथंच तो सुटला पाहिजे.

आमच्या वस्तीतलं एक पोर सारडा सर्कलजवळच्या एका गॅरेजात काम करतं. त्यानं कार्बोरेटर बसवला, गाडी मिसिंग मारली. मालकानं ना गेज काढलं, ना कागद. पोराकडं बघून बोलला, "तुमच्या लोकांना हे झेपत नाय." आठवड्याचा पगार कापला. मग स्वतःच ठिणगी पुढं ढकलली. गाडी गप झाली. हवा तशीच आत जात होती. अशी गाडी भार पडला की ठोकते, शेवटी पिस्टन जळतो.

दुसऱ्या दिवशी पोरानं साबणाचं पाणी सोडलं. आवाज बदलला. पॅकिंग जुनंच होतं, मालकानंच 'हेच लाव' म्हणून दिलेलं. पगार मात्र कापलेलाच राहिला.

याच नाशकात २ मार्च १९३० ला आमचे आजे-पणजे काळारामाच्या दारात उभे राहिले. त्यांनाही कुणी मापलं नव्हतं. जात बघितली आणि दार लावलं.

कागदाला आडनाव कळत नाही. पॉइंट उघडला की तो सुटतो. म्हणून पोरांनो, फीलर गेज स्वतःच्या खिशात ठेवा. कुणी टायमिंगवर किंवा तुमच्यावर बोट ठेवलं तर एवढंच म्हणा : मापून दाखव.