फालिज, वारं आणि मानेतली नस

आमच्या सांगवीत एकाच आजाराला चार नावं आहेत. गावात म्हणतात, "अंगावरून वारं गेलं." घरात आम्ही फालिज म्हणतो, शाळेच्या पुस्तकात अर्धांगवायू, आणि लकवा सगळ्यांनाच कळतो. उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवत असल्यामुळे शब्दाच्या मुळाशी जायची मला सवय लागली आहे. फालिजच्या अरबी मुळाचा अर्थ दोन भागांत चिरणं. लकवा म्हणजे खरं तर नुसतं तोंड वाकडं होणं. आणि आपल्या मराठीतल्या दोन्ही नावांत वारा आहे. वाऱ्याचा आजार म्हटलं की लोक पंखा बंद करतात, दारं लावून घेतात आणि तेल गरम करायला ठेवतात. रक्ताचा विचार कुणाच्या मनातही येत नाही.

2009 मध्ये अब्बांचं असंच झालं. सकाळी उठले तेव्हा उजवा हात-पाय लुळा, तोंडातून शब्द फुटेना. कुणी कबुतराचं रक्त चोळायला सांगितलं, एक मालिशवाला तीन दिवस येत राहिला. मी तेव्हा बी.एड.साठी पुण्यात होते. मला कळलं आणि त्यांना दवाखान्यात हलवलं तेव्हा चौथा दिवस उजाडला होता. त्यानंतर चार वर्षं ते जगले. त्या चार वर्षांतली एक गोष्ट अजून मनातून जात नाही. अब्बा सूरह फातिहा सुरुवातीपासून शेवटपर्यंत न अडखळता म्हणायचे, पण त्यांना पाणी मागता यायचं नाही. अम्मीला वाटायचं, हा अल्लाहचा करिश्मा आहे. डॉक्टरांनी सांगितलं की मेंदूच्या डाव्या भागातला बोलण्याचा पट्टा गेला तरी लहानपणी पाठ केलेलं, रोजच्या तोंडातलं, पुष्कळदा शाबूत राहतं. नवं वाक्य जुळवणं जमत नाही. मला दोन्ही उत्तरं पटतात.

गळ्याच्या घाटीच्या बाजूला दोन बोटं हलकेच ठेवली की ठोका लागतो. ती कॅरोटिड धमनी, डावीकडे एक, उजवीकडे एक. मेंदूकडे जाणारं बरंचसं रक्त या दोघींतून जातं. ग्रीक नावाचं मूळ गुंगीशी जोडलेलं, आणि अरबीत तिला शरियान सुबाती म्हणतात, म्हणजे झोपेची धमनी. ती दाबली तर माणूस बेशुद्ध होतो, हे जुन्या हकिमांना माहीत होतं. वाढलेलं बीपी, साखर, बिडी, तंबाखू, चरबी यांनी तिच्या आत थर जमतो. पाटाच्या पाण्यासारखी ती हळूहळू गाळाने भरते. पण खरा धोका त्या थरावर जमणाऱ्या गुठळीचा. तिचा तुकडा सुटून वर मेंदूत अडकतो.

मागच्या वर्षी चाचांच्या उजव्या डोळ्यापुढे काळा पडदा उतरला आणि दोन मिनिटांत वर गेला. आठवड्याने वजू करताना डाव्या हातातून तांब्या सुटला. पाच मिनिटांत हात पूर्ववत. कारखान्यातून निवृत्त झालेला माणूस, कधी आजारी न पडलेला. मला म्हणाले, "कुछ नै बेटा, चक्कर आया होगा."

डोळा उजवा, हात डावा. म्हणून घरच्यांनी दोन वेगळ्या तक्रारी मानल्या. प्रत्यक्षात तो एकाच नसेचा निरोप होता. उजवी कॅरोटिड उजव्या डोळ्याला रक्त देते, आणि मेंदूच्या उजव्या भागाला, जो डावा हात चालवतो. ही उलटसुलट जोडी 1951 मध्ये कॅनडातल्या मिलर फिशर यांनी रुग्णांची हकिगत नीट ऐकून मांडली. पाच मिनिटांत बरं का वाटतं, याचंही कारण आहे: गुठळी कधी कधी आपोआप विरघळते. ते रक्तवाहिन्यांच्या फोटोंवरून दाखवणाऱ्यांत आपल्या मुंबईचे डॉ. पी. एम. दलाल आणि त्यांचे सहकारी होते. 1965 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा लेख आला. आपोआप बरं झालं म्हणून आपण देवाचे आभार मानतो, ते मानावेतच. पण गुठळी जिथून आली ती जागा तशीच असते आणि पुढचे काही दिवस सर्वांत धोक्याचे असतात.

बारामतीत मानेचा डॉपलर केला. उजवी नस 80 टक्के बंद. पुण्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, तेही दोन आठवड्यांच्या आत. घरात वादळ उठलं. चाची म्हणाल्या, "चालत्या-फिरत्या माणसाच्या गळ्यावर सुरी चालवायची?" प्रश्न चुकीचा नव्हता, ऑपरेशनमध्येच झटका येण्याचा धोका असतो, शंभरात काही जणांना येतो. डॉक्टरांनी त्यांना 1991 च्या अमेरिका-कॅनडातल्या अभ्यासाचे आकडे सांगितले. अशी लक्षणं आलेल्या आणि 70 टक्क्यांहून जास्त अरुंद नस असलेल्या लोकांत नुसत्या गोळ्यांवर दोन वर्षांत 26 टक्के लोकांना त्याच बाजूचा झटका आला, ऑपरेशननंतर 9 टक्क्यांना. चाचा हिशेबाचे पक्के. रात्रभर गप्प होते, फजरनंतर म्हणाले, "मोठ्या भाईचं पाणी मागणं मी पाहिलंय. चला."

मात्र मान साफ निघाली म्हणजे सुटलो, असं नाही. आपल्याकडे मेंदूच्या आतल्या नसाही पुष्कळदा अरुंद होतात, हृदयातूनही गुठळी येते. रमजानात बीपीच्या गोळ्या मनानेच बंद करणारे मला दरवर्षी भेटतात. सेहरी-इफ्तारची वेळ डॉक्टरांकडून आधी ठरवून घेता येते, आणि आजाऱ्याला रोजा सोडायची मुभा तर दीनमध्येच आहे. तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळतं असं दिसलं की 108. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, तेही सीटी स्कॅननंतर. मेंदूत रक्तस्राव नाही हे कळेपर्यंत घरात ॲस्पिरिनसुद्धा द्यायची नाही.

चाचांच्या मानेवर आता बोटभर व्रण आहे, दाढीत झाकला जातो. डावी नस 40 टक्के अरुंद आहे. तिला सध्या हात लावायचा नाही, गोळ्या चालू आणि अधूनमधून डॉपलर. बिडी सुटली. चाचींची मिश्री अजून चालू आहे, आणि त्यांचं बीपी मोजायला त्या अजून तयार नाहीत.