कोकराची पापणी



आपल्या भायखळ्याचं देरासर बांधणाऱ्या शेठ मोतीशांचा, सर जमशेटजी जीजीभॉय यांच्याबरोबर, 1834च्या मुंबई पांजरपोळातही वाटा होता. तेव्हा जीवदयेची पावती फाडणं आपल्याला नवं नाही. पण त्या पैशातून नेमकं काय व्हायला हवं?

काही कोकरं जन्मतःच खालची पापणी आत वळलेली घेऊन येतात. केस बुबुळावर घासत राहतात. डोळ्यातून पाणी गळतं, पिल्लू डोळा मिटून घेतं. तसंच राहिलं तर बुबुळ पांढुरकं होतं, जखम होते, दृष्टीही जाते. पहिल्या दिवशीच दिसलं तर अंगठ्याने पापणी खाली ओढून बाहेर वळवायची, दिवसातून अनेकदा. पुष्कळ कोकरं एवढ्याने बरी होतात. नाहीतर डॉक्टर पापणीत इंजेक्शन देतात किंवा टाका घालतात. म्हणजे रोज प्रत्येक पिल्लाचं तोंड बघणारं माणूस हवं. शेडवर नावाची पाटी लागते, त्या माणसाच्या पगारावर कुठे लागते?

खरी अडचण पुढेच आहे. हा दोष आनुवंशिक. मेंढपाळ असा नर पैदाशीला ठेवत नाही, विकून टाकतो. आपण तर खाटकाकडे जाऊ देणार नाही. खच्ची करावा, तर छविच्छेद हा पहिल्या अणुव्रताचा अतिचार. आणि काहीच केलं नाही, तर पुढच्या वर्षी तेच दुखणं नव्या पिल्लांच्या डोळ्यांत. माझ्या मते नर-माद्यांचे वाडे वेगळे ठेवावेत. जागा जास्त लागेल, गडी एक जास्त लागेल. लागू दे. येत्या पर्युषणात टीप लिहाल तेव्हा "वेगळ्या वाड्यासाठी" असं स्पष्ट लिहा.